जुन्या लष्करी बंदुकीचे कॅलिबर आणि काळ कसा ओळखावा

जुन्या वाड्याच्या माळ्यावर, एखाद्या इनामदार घराण्याच्या दिवाणखान्यात किंवा कोकणातल्या घराच्या ओटीवर टांगलेली लष्करी बंदूक सापडते, तेव्हा तिच्याविषयी घरात सांगितली जाणारी माहिती साधारणपणे दोनच प्रकारची असते. ती ‘शिवकालीन’ असते, नाहीतर ‘सत्तावनच्या बंडातली’ असते. बंदूक प्रत्यक्ष हातात घेऊन तपासली की बऱ्याचदा ती या दोन्हींपैकी काहीच ठरत नाही. भारतात आढळणाऱ्या ब्रिटिश बनावटीच्या लष्करी बंदुका कशा ओळखाव्यात, हे येथे क्रमाने मांडले आहे. दोन गोष्टी सुरुवातीलाच सांगायला हव्यात. बंदुकीवर कोरलेले साल ज्या भागावर असते त्या भागाचेच असते, संपूर्ण बंदुकीचे असेलच असे नाही. कॅलिबर म्हणजे नळीच्या पोकळीचा व्यास हा मोजून ठरवायचा असतो, आठवणीवरून किंवा विक्रेत्याच्या सांगण्यावरून नव्हे.

नळी रिकामी आहे का

ठासणीची बंदूक, म्हणजे तोंडाकडून दारू आणि गोळी भरून गजाने ठासायची बंदूक, भरलेल्या अवस्थेतच भिंतीवर वर्षानुवर्षे टांगून ठेवलेली आढळते. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनंतरही पेट घेते, त्यामुळे ‘आजोबांच्या वेळेपासून तशीच आहे’ हे बंदूक निर्धोक असल्याचे प्रमाण होत नाही. तपासण्याची पद्धत सोपी आहे. नळीचे तोंड कोणाकडेही रोखलेले नाही अशी बंदूक आडवी ठेवावी, स्वतः तोंडासमोर येऊ नये आणि एक सरळ लाकडी काठी नळीत हलकेच टेकेपर्यंत सरकवावी. नळीच्या तोंडाशी काठीवर पेन्सिलने खूण करावी, काठी बाहेर काढून तेवढ्याच लांबीने नळीला बाहेरून लावावी आणि तिचे टोक कुठपर्यंत पोहोचते ते पाहावे. टोक नळीच्या कानापर्यंत, म्हणजे मागे बार पेटवण्यासाठी असलेल्या छिद्रापर्यंत, किंवा टोपी बसवायच्या निपलपर्यंत आले तर नळी बहुधा मोकळी आहे. ते तीन-चार सेंटिमीटर अलीकडेच थांबले तर आत बार आहे असे समजावे आणि पुढचे काम तिथेच थांबवावे. तो बार घरी काढण्याचा प्रयत्न करू नये. परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याला बोलवावे किंवा पोलीस ठाण्यात कळवावे. मागून काडतूस भरायच्या रायफलीत नळीचा मागचा भाग उघडून काडतुसाचे घर डोळ्यांनी पाहावे आणि मॅगझिन असल्यास ते काढून ठेवावे.

आधी यंत्रणा पाहा, मग अक्षरे

नवख्या माणसाची नजर आधी अक्षरांकडे जाते. खरे तर बार पेटवण्याची आणि बंदूक भरण्याची यंत्रणा पाहिली की काळाची चौकट निम्म्याहून अधिक ठरून जाते. जळत्या तोड्याने, म्हणजे सुताच्या वातीने, रंजक म्हणजे कानाशी ठेवलेली दारू पेटवणारी तोड्याची बंदूक आपल्याकडे सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत सलग वापरात होती. ती गावोगावच्या लोहारांनी आणि संस्थानांच्या कारखान्यांनी बनवलेली असल्यामुळे तिला ठरावीक कॅलिबर नसते. अशा बंदुकीचे वय केवळ यंत्रणेवरून सांगणारा माणूस अंदाज बांधत असतो, असे खुशाल समजावे. त्यानंतर गारगोटीच्या चकमकीची बंदूक येते, म्हणजे घोड्याच्या जबड्यात गारगोटी धरलेली. कंपनी सरकारच्या पलटणींकडची ‘इंडिया पॅटर्न’ मस्केट याच जातीची. तिची नळी ३९ इंच म्हणजे सुमारे ९९ सेंटिमीटर लांब, आतून गुळगुळीत आणि सुमारे पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटर व्यासाची असते. १८४०च्या दशकात गारगोटीची जागा तांब्याच्या छोट्या टोपीने घेतली आणि जुन्या बंदुकांच्या घोड्यांतही तसा बदल करण्यात आला. म्हणून टोपीची यंत्रणा असलेल्या बंदुकीच्या, घोडा ज्यावर बसवलेला असतो त्या लोखंडी पट्टीवर बुजवलेली भोके दिसली, तर ती मुळात गारगोटीची असण्याचा संभव असतो.

टोपीच्या बंदुकांत आपल्याकडे सर्वाधिक चर्चा झाली ती १८५३च्या नमुन्याच्या एनफिल्डची. नळी लाकडाला घट्ट धरून ठेवणारे तीन लोखंडी कडे, ३९ इंच लांब नळी, नळीत तीन आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार खाचा, आणि .५७७ इंच म्हणजे १४.६६ मिलिमीटर कॅलिबर ही तिची ओळख. दोनच कडे असलेली, ३३ इंच नळीची आखूड आवृत्तीही होती आणि त्यातल्या काही नमुन्यांत पाच आटे असतात. इथे आपल्या इतिहासाशी थेट जोडलेली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १८५७नंतर हिंदी शिपायांच्या हाती अचूक मारा करणारी रायफल द्यायची नाही असे इंग्रजांनी ठरवले आणि त्यांच्यासाठी दिसायला अगदी एनफिल्डसारखी, पण आतून गुळगुळीत नळीची मस्केट तयार केली. काही बंदुकांच्या नळ्या आतून कोरून त्यांचे आटेच काढून टाकले. तिचे कॅलिबर सुमारे .६५ इंच म्हणजे साडेसोळा मिलिमीटर भरते आणि मागचे नेमदर्शकही अंतरानुसार वरखाली होणारे नसून साधे, स्थिर असते. बाहेरून तीन कड्यांची एनफिल्ड दिसते पण आत बोट फिरवले तर आटे लागत नाहीत, अशी बंदूक समोर आली की ‘आटे झिजून गेले असतील’ असे म्हणण्याची घाई करू नये. आधी व्यास मोजावा. व्यास साडेसोळाच्या आसपास आला तर ती बंडात वापरलेली बंदूक नव्हे, बंडानंतरच्या अविश्वासातून जन्मलेली बंदूक आहे. ऐतिहासिकदृष्ट्या मला ती अधिक मोलाची वाटते.

मागून भरायच्या बंदुकांपैकी स्नायडर ही १८६६पासूनची. ठासणीच्या एनफिल्डच्या नळीचा मागचा भाग कापून त्या जागी उजवीकडे बिजागरीवर उघडणारे झाकण बसवले की स्नायडर झाली, म्हणून तिचे कॅलिबर .५७७च राहिले आणि नळी मात्र साडेछत्तीस इंचांची झाली. तिच्यानंतर १८७१मध्ये मार्टिनी-हेन्री आली. तिला बाहेर घोडाच नसतो. चापाच्या मागची लांब तरफ खाली ओढली की आतला ठोकळा खाली झुकतो आणि काडतुसाचे घर उघडते. मॅगझिन आणि बोल्ट असलेली ली-मेटफर्ड १८८८ची, तिच्यातून निघालेली ली-एनफिल्ड १८९५ची आणि पोलीस ठाण्यांतून ज्यांना ‘थ्री नॉट थ्री’ म्हणून सगळे ओळखतात त्या आखूड ली-एनफिल्डचा पहिला नमुना १९०३चा. लांब आणि आखूड ली-एनफिल्डमधला फरक पट्टीनेच कळतो: लांब रायफलीची नळी सुमारे ७७ सेंटिमीटर, आखूड रायफलीची ६४ सेंटिमीटर. गोव्यात सापडलेल्या रायफलीच्या बाबतीत ही इंग्रजी वंशावळ उपयोगी पडत नाही. पोर्तुगीज सैन्याच्या १८८६च्या ८ मिलिमीटर क्रोपाचेक रायफली ऑस्ट्रियातल्या स्टायर कारखान्याच्या आहेत आणि कारखान्याचे नाव व साल रिसीव्हरवर, म्हणजे नळीमागच्या यंत्रणेच्या धातूच्या घरावर, ठसठशीत कोरलेले असते.

कॅलिबर मोजताना

नळीची लांबी आतून, तोंडापासून थेट मागच्या टोकापर्यंत मोजायची असते, तर व्यासासाठी साध्या फूटपट्टीचा काही उपयोग नाही. एक चांगले व्हर्निअर कॅलिपर घ्यावे आणि त्याचे आतले जबडे नळीच्या तोंडात घालून तीन वेगवेगळ्या दिशांनी माप घ्यावे. नळीचे तोंड गजाच्या घर्षणाने झिजून किंचित फाकलेले असते, त्यामुळे अगदी कडेला घेतलेले माप खऱ्यापेक्षा मोठे येते. जबडे शक्य तितके आत नेऊन घेतलेले माप अधिक विश्वासार्ह. आटे असलेल्या नळीत दोन व्यास असतात. आट्यांच्या मधल्या उंचवट्यांमधला व्यास लहान आणि खाचांच्या तळांमधला मोठा. इंग्रजी पद्धतीत कॅलिबर म्हणून दिलेला आकडा उंचवट्यांमधला असतो. .३०३ रायफलीत उंचवट्यांमधले माप ७.७ मिलिमीटर, तर खाचांमधले त्याहून थोडे जास्त, सुमारे ७.९ मिलिमीटर येते. हे दुसरे माप पाहून तिला ८ मिलिमीटरची जर्मन रायफल ठरवणारे पुष्कळ भेटतात.

आट्यांची संख्या विषम असली की एक वेगळीच अडचण उभी राहते. एनफिल्डला तीन, ली-एनफिल्डला पाच आणि मार्टिनी-हेन्री व ली-मेटफर्डला सात आटे. विषम संख्येत प्रत्येक उंचवट्याच्या बरोबर समोर खाच येते, त्यामुळे कॅलिपरचा एक जबडा उंचवट्यावर तर दुसरा खाचेत बसतो आणि हाती येते ते माप ना धड या व्यासाचे ना त्या. यावर उपाय म्हणजे पितळी किंवा कठीण लाकडाची गोल दांडी लेथवर थोडी थोडी कमी करत नळीच्या तोंडात नेमकी सरकेल इतकी करून घ्यावी आणि मग त्या दांडीचाच व्यास मोजावा. पुण्या-कोल्हापुरात असे काम करून देणारा टर्नर शोधायला लांब जावे लागत नाही. त्याच्याकडे बंदूक नेऊ नये, मात्र. एकेक शतांश इंचाने वाढत जाणाऱ्या दांड्यांचा संच करून घ्यावा आणि मोजणी घरी करावी.

नळीचे माप आणि काडतुसाचे नाव एकच असेल असे नाही, हे मार्टिनी-हेन्रीच्या बाबतीत विशेष ध्यानात ठेवावे. तिच्या काडतुसाला .५७७/.४५० म्हणतात, कारण .५७७च्या रुंद पुंगळीची मान आवळून तीत .४५० इंचाची गोळी बसवलेली असते. नळीच्या तोंडाशी मात्र सुमारे साडेअकरा मिलिमीटरच भरतात. पुढे याच मार्टिनींना .३०३च्या नळ्या बसवण्यात आल्या. म्हणून तरफेची यंत्रणा दिसली की कॅलिबर .४५० हा निष्कर्ष घाईचा ठरतो. .३०३ ली-एनफिल्डची गोष्टही अशीच आहे: बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात पुष्कळ रायफलींची नळी गुळगुळीत करून .४१० इंच व्यासाच्या, एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या मस्केटी बनवल्या गेल्या आणि त्या पोलिसांना दिल्या गेल्या. बाहेरून ती सरळसरळ थ्री नॉट थ्री दिसते. नळीत टॉर्चने पाहिले आणि आटे नसले की कळते, आणि तोंडाशी व्यास सुमारे साडेदहा मिलिमीटर येतो.

नळीवर इंचांऐवजी नुसता ‘२५’ किंवा ‘११’ असा आकडा आढळला तर तो बोअरचा आकडा असू शकतो. नळीत बसणाऱ्या शिशाच्या किती गोळ्या मिळून एक पौंड होतात, ती संख्या म्हणजे बोअर. त्यामुळे आकडा वाढला की व्यास घटतो. ११ बोअर म्हणजे सुमारे .७५ इंच, २५ बोअर म्हणजे सुमारे .५७ इंच. बर्मिंगहॅमच्या व्यापारी एनफिल्डवर हा २५ नळीच्या मागच्या टोकाला, परीक्षणाच्या शिक्क्यांजवळ, सहज सापडतो आणि अनेक घरांत तो ‘बंदुकीचा नंबर’ समजला जातो.

शिक्के वाचताना

शिक्के वाचण्याआधी ब्रासो, सँडपेपर किंवा वायर ब्रश यांपैकी काहीही बंदुकीला लावू नये. पॉलिशने गेलेला ठसा परत येत नाही. हलके मशीन तेल मऊ कापडावर घेऊन मळ पुसावा, खोलीत अंधार करून टॉर्च अगदी तिरका धरावा आणि शिक्क्यांवर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासावी. डोळ्यांना न दिसणारी अक्षरे कागदावर उमटतात, हे पहिल्यांदा करणाऱ्याला नेहमीच आश्चर्याचे वाटते.

कंपनी सरकारच्या बंदुकीच्या घोड्याच्या पट्टीवर चार भागांत विभागलेले हृदयाच्या आकाराचे चिन्ह असेल तर ती १८०८च्या आधीची, आणि पुढच्या पायांत मुकुट धरून उभा असलेला सिंह असेल तर १८०८नंतरची. कंपनीचे राज्य १८५८मध्ये संपले, तेव्हा सिंहाची शेवटची मर्यादाही तिथेच येते. राणीच्या सैन्याच्या बंदुकीवर मुकुट आणि त्याखाली राज्यकर्त्याची आद्याक्षरे असतात: व्ही. आर. म्हणजे १८३७ ते जानेवारी १९०१, ई. आर. म्हणजे त्यानंतर १९१०पर्यंत. जी. आर.ने मात्र फसू नये. तिसऱ्या आणि चौथ्या जॉर्जची आद्याक्षरे १८३०पर्यंतच्या गारगोटीच्या बंदुकीवर असतात आणि पाचव्या जॉर्जची तीच आद्याक्षरे १९१०नंतरच्या ली-एनफिल्डवर. यंत्रणा आधी पाहायची ती याचसाठी. इशापूरच्या रायफलीवर जी. आर. आय. अशी तीन अक्षरे, कारखान्याचे नाव आणि साल असते, आणि स्वातंत्र्यानंतरच्या रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभावरचे सिंह येतात. बाणासारखे चिन्ह सरकारी मालकीचे. असे दोन बाण टोकाला टोक लावून कोरलेले असतील तर बंदूक सरकारी साठ्यातून रीतसर विकली गेली होती.

साल कुठे असते, हेही बंदुकीगणिक बदलते. एनफिल्ड आणि स्नायडरमध्ये ते घोड्याच्या पट्टीवर ‘टॉवर’ किंवा ‘एनफिल्ड’ या शब्दाबरोबर, मार्टिनीत रिसीव्हरच्या उजव्या बाजूला, आणि ली-एनफिल्डमध्ये बोल्टच्या मुठीखाली, दस्ता जिथे धातूत बसतो त्या कड्यावर उजवीकडे. स्नायडरचे उदाहरण इथे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. पट्टीवर ‘टॉवर १८६२’ असते, मालक बंदूक १८६२ची म्हणून सांगतो आणि अक्षरशः पाहिले तर तो खोटे बोलत नसतो. पण उजवीकडे उघडणारे झाकण १८६६च्या आधी असूच शकत नाही. म्हणजे १८६२मध्ये ठासणीची रायफल म्हणून बनलेली ही बंदूक किमान चार वर्षांनंतर रूपांतरित झाली. अशा वेळी दोन्ही साले लिहावीत आणि बंदूक आज ज्या रूपात आहे त्याचा काळ सर्वांत उशिराच्या भागावरून धरावा. ली-एनफिल्डमध्ये हेच काम नळीवर, वरच्या लाकडाखाली दडलेले साल करते. कड्यावर १९१७ आणि नळीवर १९४२ असेल तर नळी दुसऱ्या महायुद्धात बदललेली आहे. एफ. टी. आर. ही अक्षरे आणि त्यांपुढचे साल कारखान्यात झालेल्या संपूर्ण दुरुस्तीचे. वरचे लाकूड काढण्यासाठी जुने स्क्रू जोर लावून फिरवू नयेत. खाच तुटलेला स्क्रू बंदुकीची किंमत आणि पुरावा दोन्ही घालवतो.

शिक्के बनावटही असतात. पेशावरजवळच्या दर्रा आदम खेल आणि सरहद्दीवरच्या इतर गावांत कारागिरांनी मार्टिनी आणि ली-एनफिल्डच्या हुबेहूब नकला हाताने घडवल्या. कारागिराला बहुधा इंग्रजी अक्षरओळख नसायची, त्यामुळे एन हे अक्षर उलटे, एनफिल्डच्या स्पेलिंगमधली अक्षरे मागेपुढे आणि ओळ वाकडी अशा चुका राहून जात. सर्वांत ठळक पुरावा सालात सापडतो. व्ही. आर.च्या मुकुटाखाली १९०७ किंवा १९१५ कोरलेले दिसले की बाकी काही तपासण्याची गरज उरत नाही, कारण व्हिक्टोरिया राणी १९०१मध्येच निवर्तली होती. अशा नकलेला कारागिरीचा नमुना म्हणून स्वतःचे मोल आहे, पण तिचे पोलाद कोणत्या प्रतीचे आहे याचा भरवसा देता येत नाही. शोभेच्या वस्तूंच्या बाजारात मिळणाऱ्या ‘टॉवर’ मस्केटींची तऱ्हा निराळी: पट्टीवरची अक्षरे उथळ आणि सगळीकडे सारख्याच खोलीची असतात, आणि नळीचा कान कधी कोरलेलाच नसतो.

कायद्याची बाजू

कॅलिबर ओळखणे हा केवळ हौसेचा विषय नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या ४५व्या कलमात जुनाट नमुन्याच्या किंवा पुरावस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्राला सूट आहे, परंतु ते शस्त्र दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसेल तरच. केवळ जुनी आहे म्हणून बंदुकीला परवाना लागत नाही, ही समजूत चुकीची आहे. शिवाय .३०३ आणि ७.६२ मिलिमीटरच्या बोल्ट रायफली, तसेच .४१०च्या मस्केटी प्रतिबंधित वर्गात येतात, म्हणून मोजणीत हे आकडे निघाल्यास आणि घरात त्याची कागदपत्रे नसल्यास जिल्हाधिकारी कार्यालयाच्या किंवा पोलीस आयुक्तालयाच्या शस्त्र परवाना शाखेत विचारणा करणे टाळू नये. शंभर वर्षे पूर्ण झालेली वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येते आणि ती परदेशातल्या नातलगाला भेट म्हणूनही खासगीरीत्या पाठवता येत नाही. कॅलिबर कळले म्हणून बंदूक उडवून पाहण्याचा मोह तर अजिबात धरू नये.

नोंद कशी करावी

संग्रहालयाकडे, परवाना शाखेकडे किंवा जाणकाराकडे जाताना ‘जुनी बंदूक आहे’ एवढे सांगून भागत नाही. यंत्रणा, एकूण लांबी, नळीची आतली लांबी, आट्यांची संख्या, दोन-तीन ठिकाणी घेतलेला व्यास, प्रत्येक शिक्क्याची जागा आणि मजकूर अशी नोंद करावी, आणि निष्कर्ष तिच्या शेवटी वेगळा लिहावा. नमुन्यादाखल: “उजवीकडे उघडणारे झाकण, एकूण लांबी १३८ सें. मी.; नळी ९२.५ सें. मी., तीन कडे, तीन आटे, व्यास १४.७ मि. मी.; घोड्याच्या पट्टीवर मुकुट, व्ही. आर., टॉवर, १८६२. दस्त्याच्या उजव्या बाजूला गोल शिक्का, अस्पष्ट. नळी मोकळी, झाकणाची बिजागरी गंजून घट्ट. निष्कर्ष: स्नायडर-एनफिल्ड, .५७७, मूळ रायफल १८६२, रूपांतर १८६६ किंवा त्यानंतर.”